पट्टी नसलेला बॅलास्ट

बाबा गेल्यानंतर दहाव्या दिवशी इसहाककाका आमच्या घरी लग्नाची परवानगी मागायला आले.

लग्न त्यांच्या नातवाचं, बीबर्सचं. अम्मानजवळच्या वादी अस-सीर खोऱ्यातल्या आम्हा, मूळच्या कॉकेशसच्या, चेर्केस लोकांत शेजारी मयत झालेली असली, की ढोलावर हात पडण्याआधी त्या घरात जाऊन विचारायचं असतं. काका एक्क्याऐंशी वर्षांचे. काठी टेकत सगळ्या पायऱ्या स्वतः चढून आले. ते बसेपर्यंत मी दाराशी उभी राहिले.

"चाळीस दिवस थांबू म्हणतो," ते म्हणाले. "तेवढ्यात काही पोरगा म्हातारा होत नाही."

"थांबू नका, काका. शुक्रवार ठरलाय ना, मग शुक्रवारीच करा. ढोल वाजू दे."

"हे तुझ्या आईनं म्हणायला हवं."

"तिनंच सांगायला सांगितलंय. पडून आहे आत."

काकांनी मान हलवली. मी मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा आणला. त्यांनी तो संपवला, ग्लास खाली ठेवला, तरी उठेनात. ग्लास बशीत फिरवत राहिले.

"आणखी एक होतं. गाडीचं."

काकांची गाडी सदुसष्ट सालची पांढरी मर्सिडीज, मागच्या बाजूला माशाच्या परासारखे पंख असलेली. चाळीस वर्षांत त्यांच्या घरात आलेली प्रत्येक सून या गाडीतून आली. त्यांच्या घराचा एक हट्ट आहे, दुसऱ्या कुणाकडे मी तो पाहिलेला नाही. सुनेला घेऊन निघालेली गाडी अंगणात पोचेपर्यंत थांबता कामा नये, इंजिन बंद पडता कामा नये. म्हणून एक पुतण्या आधीच पुढे जाऊन चौकाचौकातल्या पोलिसांना मिठाई वाटत सुटतो. या वेळची नवरी जेरशची होती. म्हणजे झरका नदीच्या पुलापासून सुवेलेहपर्यंतचा सगळा चढ, आणि तोही जूनच्या उन्हात.

बाबांनी शेवटचं काम केलं ते याच गाडीचं. ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे जुने पॉइंट काढून त्यांनी तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. बुधवारी संध्याकाळी काम संपलं, दहा मिनिटं दुकानातच इंजिन चालवून पाहिलं. गुरुवारी सकाळी ते गाडी चढावर नेऊन बघणार होते. गुरुवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

"काल नायेल घेऊन गेला होता तिला जेरशच्या रस्त्याला," काका म्हणाले. "वीस मिनिटं लोण्यासारखी चालली. मग बकाच्या चढावर बंद. अर्धा तास उभी ठेवली तर सुरू. परत वीस मिनिटांनी बंद. नायेल म्हणतो, पॉइंट परत बसवतो, तासाभराचं काम."

नायेल बाबांच्याच हाताखाली शिकलेला.

"मी दोष देत नाही, मुली. इनालसारखा गाडीच्या विजेचा कारागीर अम्मानमध्ये दुसरा झाला नाही. पण शेवटी शेवटी माणसाचा हात... वय झालं होतं त्याचं."

"बाहत्तर होतं, काका."

त्यांनी काठीच्या मुठीकडे पाहिलं. ते स्वतः नऊ वर्षांनी मोठे.

पॉइंट परत बसले असते तर गाडी चालली असती, सून घरी आली असती. आणि बाबांचं शेवटचं काम हे उलटं फिरवावं लागलेलं काम ठरलं असतं. आमच्या खोऱ्यातली माणसं वाईट बोलली नसती. त्यांनी दया केली असती. बिचारा इनाल, शेवटी हात राहिला नव्हता, असं म्हणाली असती. वाईट बोललेलं मी सहन केलं असतं.

"आज शनिवार," मी म्हणाले. "मला बुधवारपर्यंत द्या."

"तुला?"

"मला."

मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या बाबांच्या दुकानात गेल्या, हे काकांना माहीत होतं. त्यातल्या निम्म्या वेळा तेच तिथल्या मोडक्या सोफ्यावर बसलेले असत. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि म्हणाले, "बुधवार. त्यानंतर नायेल."

*

दुकान बयादरमध्ये, गॅरेजांच्या रांगेत. शटर वर केलं तेव्हा तेलाचा आणि जळक्या लाखेचा वास आला. बाबांचा पांढरा डगला खिळ्याला होता. मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

बाबांच्या कामाबद्दल सांगायचं तर पट्ट्यांपासून सुरुवात करावी लागेल. कारखान्यानं वस्तूवर छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. नवी कोरी वस्तू खोक्यातून काढली, तरी आधी मोजायची. मापायच्या आधी मीटरच्या दोन्ही तारांची टोकं एकमेकांना लावायची, टिक असा आवाज व्हायचा, आणि मीटर जो आकडा दाखवेल तो मनात ठेवायचा. "हे मीटरचं स्वतःचं खोटं," ते म्हणत. "प्रत्येकाचं असतं. आधी ते वजा करायचं, मग दुसऱ्याचं मापायचं." मग वस्तू गाडीत लावून अर्धा तास चालवायची आणि तापलेली असताना पुन्हा मोजायची. मग कापडी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं दोन आकडे, थंड आणि गरम, आणि ती पट्टी कारखान्याच्या छापावर. दुकानातल्या फळ्यांवर शेकडो वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर त्यांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं.

चेर्केस बाप वडीलधाऱ्यांसमोर आपल्या मुलांचं कौतुक करत नाही, त्यांना नावानं हाकही मारत नाही. आजकाल हे कुणी फारसं पाळत नाही. बाबा पाळायचे. सोफ्यावर काकांसारखं कुणी बसलेलं असलं, की मला भिंतीकडे बघून म्हणायचे, "दहाचा पाना." भिंतच आणून देणार असल्यासारखे. नायेल त्यांच्याकडे, त्याच्या 'उस्ता'कडे, सहा वर्षं शिकला, आता दोन शटर सोडून त्याचं स्वतःचं दुकान आहे. माझं नाव जानसेत आहे हे त्याला चौथ्या वर्षी कळलं, तेही मला आलेल्या टपालावर वाचून.

तो आलाच. आधी पोट आत आलं, मग तो.

"मास्तरीणबाई! शाळा सुटली?"

"सुट्टी लागली."

"मग पोरींच्या वह्या तपासायच्या सोडून माझ्या पोटावर का पाय देताय?"

"तुझ्या पोटावर जागा बघ. सगळ्या वर्गाचे पाय मावतील."

तो हसला, आणि मग त्याची नजर डगल्याकडे गेली. एका हातानं त्यानं डोळे पुसले, दुसऱ्या हातानं, मी आत आणून लावलेल्या मर्सिडीजचं बॉनेट उचललं.

"आधी एकच बघा," तो म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक डब्याची लाल तार उस्तानं कुठून घेतलीय? बॅलास्टच्या आधी की नंतर? नंतर घेतली असेल तर डब्याला पुरती वीज मिळत नाही. नवशिके सगळे तिथंच मरतात."

"बाबा नवशिके?"

"मी तसं म्हणालो का? बघा म्हणालो."

बॅलास्ट म्हणजे करंगळीएवढा पांढऱ्या चिनीमातीचा तुकडा, पोटात तार गुंडाळलेला. बॅटरीकडून, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलकडे जाणारी वीज तो थोडी अडवून धरतो, स्वतः तापतो, पण कॉइलला आणि तिच्यामागच्या इलेक्ट्रॉनिक डब्याला भाजू देत नाही. जास्त अडवली तर ठिणगी फिकी पडते आणि चढावर इंजिन दम टाकतं. कमी अडवली तर डबा तापतो, आणि तापला की स्वतःला बंद करून घेतो. थंड झाला की पुन्हा चालू. म्हणून कुठलाही बॅलास्ट चांगला किंवा वाईट नसतो. तो त्या कॉइलला बरोबर असतो किंवा नसतो.

लाल तार बॅलास्टच्या आधीच जोडलेली होती. नुसती जोडलेली नव्हती. बाबांनी ती जुन्या तारांच्या जुडग्यात मेणाच्या दोऱ्यानं इतकी बेमालूम गुंफली होती, की ती सदुसष्ट सालीच तिथं होती असं वाटावं. बॅलास्ट त्यांनी कॉइलपासून वीतभर लांब, उघड्या पत्र्यावर बसवला होता, जिथे पंख्याचा वारा लागतो. जुने पॉइंट तेलकट कागदात बांधून, वर तारीख घालून, डॅशबोर्डच्या खणात ठेवलेले होते. मालकाला परत जुन्यावर जावंसं वाटलं तर वाट असावी, म्हणून. त्यांनी नायेलचं तासाभराचं काम पाऊण तासावर आणून ठेवलं होतं.

"बघा कशी गाठ मारलीय," नायेल म्हणाला. बोटानं तो एकेक गाठ मोजत गेला. "हात राहिला नव्हता म्हणतात. माझा आहे ना, तरी मला ही गाठ येत नाही."

इंजिन सुरू केलं. वीस मिनिटांनी कॉइलवर हात ठेवता येईना. बाविसाव्या मिनिटाला इंजिन गप्प झालं, खोकलं नाही, अडखळलं नाही. दिवा मालवावा तसं.

"डबा तापून बंद पडतोय," मी म्हणाले. "वीज जास्त जातेय."

"मग बॅलास्ट कमी पडतोय."

"कमी नाहीय. हे बघ." बॅलास्टवर लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके होते. "एक ठिपका म्हणजे अर्धा ओहम. दीड झाला." कॉइलवर बाबांची पट्टी होती: थंड दीड. इग्निशनच्या खोक्यातला कागद मी उलगडला. दोन्ही मिळून तीनपेक्षा कमी नको, असं त्यात लिहिलं होतं. "दीड आणि दीड, तीन."

"कागदावर तीन. मोजा की."

गाडी थंड व्हायला आम्ही बसलो. कुणीतरी बटाटा भरून तळलेले हलिवा पाठवले होते, ते खाल्ले. मग मी खणातून बाबांचा पिवळा मीटर काढला. त्याच्या तारा दोन ठिकाणी पट्टीनं सांधलेल्या. बॅलास्टची वायर सोडवली आणि मोजला. दीड.

"दीडच आहे."

"कॉइल?"

कॉइल मोजली. दोन.

पुन्हा मोजली. दोन.

बाबांच्या पट्टीवर दीड लिहिलेलं होतं आणि कॉइल दोन होती. मी पट्टीकडे पाहत राहिले. अक्षर नेहमीचंच होतं, कललेलं, स्थिर. क्षणभर मला वाटलं, काका खरं बोलत होते. आणि मग हे वाटल्याची मला इतकी लाज वाटली, की मी मीटर खाली ठेवला.

नायेल माझ्याकडे बघत होता. त्याच्या मिशीला बटाटा लागला होता.

"बाई," तो हळू म्हणाला. "टिक कुठंय?"

"काय?"

"टिक. तुम्ही टिक केलं नाही." त्यानं आपल्या दोन्ही तर्जन्या हवेत एकमेकींना टेकवल्या. "सहा वर्षं मी हे विसरलो की उस्ता डोक्यात टपली मारायचे. आणि मी केलं तरी माझं माप कधी तसंच घेतलं नाही हं. एकदासुद्धा नाही! मी मोजून द्यायचो, ते पाठ फिरवून परत मोजायचे. शेवटच्या दिवशी म्हणालो, उस्ता, आज तरी घ्या विश्वासानं. तर म्हणाले, विश्वास तुझ्यावर आहे, मापावर नाही."

मी दोन्ही टोकं एकमेकांना लावली. मीटरनं अर्धा दाखवला. तारा जुन्या, सांधलेल्या. अर्धा ओहम त्यांचाच होता.

म्हणजे कॉइल दीड. बाबांची पट्टी बरोबर. आणि बॅलास्ट दीड नव्हता. एक होता.

"सुटलं की," नायेल म्हणाला. "अर्धा कमी. डबा भाजणारच. म्हणजे उस्तानं चुकून दुसरा उचलला." मग आवाज खाली आणून, "डोळे, बाई. संध्याकाळी दिसायचं नाही त्यांना नीट. माणूसच आहे."

मी मीटरच्या तारा गुंडाळल्या. तो त्याच्या दुकानात गेला.

*

ते ठिपके माझे होते.

मी पंधरा वर्षांची असताना बाबांनी भंगारवाल्याकडून बॅलास्टचे तीन डबे आणले, विस्कटलेले, छाप पुसलेले. उन्हाळ्याची सुट्टी होती. त्यांनी मला हाच पिवळा मीटर दिला, तारा तेव्हाही सांधलेल्याच, टिक शिकवलं, आणि म्हणाले, "वेगळे करून ठेव." मी आईची नेलपॉलिश आणली. पहिला डबा नीट मोजला, प्रत्येक वेळी टिक. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी माझ्या मांडीवर एक कादंबरी होती, शेवटची साठ पानं उरलेली, आणि नायिका बंदरावर बोटीची वाट पाहत होती. मी तिसरा डबा अर्ध्या दुपारीत संपवला. टिक केलं नाही. एक सेकंदाचं काम, पण प्रत्येक वेळी पुस्तकावरून हात काढून करायचं. वाटलं, काय फरक पडतो.

तो डबा अजून खालच्या फळीवर होता. मी तो मेजावर आणला, झाकण काढलं. त्यात साठेक तरी असायचे. आता बावीस होते.

एकावरही पट्टी नव्हती.

मी पहिला डबा आणला, दुसरा आणला. त्यांतही पट्ट्या नव्हत्या. मी उभी राहून सगळ्या फळ्या पाहिल्या. कॉइल, रिले, दिव्यांची बटणं, कारखान्यातून मोहरबंद आलेले नवे भाग, सगळ्यांवर पट्टी. नायेलनं मोजलेल्यांवर पट्टी. फक्त लाल ठिपक्यांच्या तीन डब्यांवर नाही. सव्वीस वर्षं बाबा या डब्यांतून हात घालून बॅलास्ट काढत होते, ठिपके मोजत होते, आणि गाडीला लावत होते.

जुन्या पॉइंटना अर्धा ओहम कळत नाही. फार तर ते लवकर काळे पडतात, आणि लोक पेट्रोलला शिव्या देतात. इलेक्ट्रॉनिक डबा सोडून देत नाही. म्हणून सव्वीस वर्षं लपलेलं ते आता बाहेर आलं. गुरुवारी सकाळी चढावर त्यांनाही कळलं असतं. दुकानात परत येऊन त्यांनी टिक केलं असतं, आणि भिंतीकडे बघून काहीतरी बोलले असते.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. 

पहिल्या दोन डब्यांत तीन ठिपक्यांचा एकही उरला नव्हता, म्हणून तिसऱ्यातले बावीसच्या बावीस मोजले. चार ठिपक्यांचे पाच निघाले. मी पंधराव्या वर्षी ज्यांना दोन म्हटलं होतं ते खरे दीडच्या आसपास होते. पण आसपास चालणार नव्हतं. पहिला एक पूर्णांक चार. दुसऱ्याची टोपी सैल. तिसरा थंड बरोबर होता. गाडीत लावून अर्धा तास चालवला आणि तापलेला मोजला तर दोनवर गेलेला, आतली तार कुठंतरी तडकलेली. तो लावला असता तर दुकानात गाडी झकास चालली असती आणि चढाच्या मध्यावर ठिणगी फिकी पडली असती. सोमवार त्यातच गेला. मंगळवारी चौथा: थंड दीड, गरम एक पूर्णांक सहा. पुन्हा चालवला. पुन्हा तेच. चाळीस मिनिटं इंजिन चाललं आणि कॉइलवर मला तळहात ठेवून उभं राहता आलं.

मी पट्टी कापली आणि पेन्सिलीनं दोन्ही आकडे लिहिले.

*

बुधवारी सकाळी काका पुढे बसले, मी चालवत होते, नायेल मागे. जेरशपर्यंत गेलो आणि न थांबता वळलो. झरकाच्या पुलावरून चढ सुरू झाला तेव्हा घड्याळात पावणेबारा, आणि नायेल मागून मिनिटं मोजत होता.

"अठरा."

"तू गप्प बस," काका म्हणाले. "नजर लावतोस."

"वीस. काका, माझी नजर लागायची तर लग्नाच्या जेवणाला लागेल. एकवीस."

बका गेलं. डाव्या हाताला कांद्याच्या ट्रकांची रांग होती, त्यातला एक तापून वाफ सोडत उभा होता. आमचं इंजिन एका सुरात चाललं होतं. बाबा अशा वेळी खिडकीची काच खाली करून डोळे मिटायचे. मला डोळे मिटता येत नव्हते. मी काच खाली केली.

"चव्वेचाळीस," सुवेलेहच्या माथ्यावर नायेल म्हणाला, आणि मोजणं सोडून दिलं.

तिथल्या टपरीवर काकांना चहा हवा होता. गाडी मी चालूच ठेवली, हॅण्डब्रेक ओढून. टपरीवाल्यानं काकांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, नायेल माझ्या शेजारी.

"मग," काका म्हणाले, "होतं काय नक्की?"

नायेलनं माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "काही नाही, काका. बॅलास्ट जरासा वेगळा लागला होता. होतं असं. उस्तांच्या डोळ्यांना संध्याकाळी—"

"त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"बाबांनी बरोबर उचलला होता. तीन ठिपके हवे होते, तीन ठिपक्यांचा उचलला. ठिपके मी काढले होते, पंधरा वर्षांची असताना. माप चुकीचं होतं. टिक केलं नव्हतं मी. गोष्टीचं पुस्तक वाचत होते."

काकांनी चहाचा ग्लास गुडघ्यावर ठेवला. "मग त्यानं परत नाही मोजला?"

"नाही."

"इनालनं?"

"नाही, काका. पट्टी नव्हती त्यावर. त्या तिन्ही डब्यांत एकावरही नाही. सव्वीस वर्षं त्यांनी माझं एकही माप परत मोजलं नाही."

रस्त्यावरून एक बस गेली. मागे गाडी चालू होती.

काकांनी ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. काठी रोवली, दुसरा हात गुडघ्यावर दाबला, आणि उठायला लागले. नायेल आधार द्यायला धावला, तर त्यांनी त्याला काठीनंच दूर सारलं. त्यांना वेळ लागला. पूर्ण उभे राहिले तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, आणि माझ्यासमोर तसेच उभे राहिले. आमच्यात कुणी आपल्या मुलीच्या वयाच्या बाईसाठी असं उठत नाही. कुठे पाहावं मला कळेना.

"बसा, काका," मी म्हणाले.

"गप, जानसेत."

याआधी बाबांच्या बरोबरीच्या माणसानं मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

"सहा वर्षं," नायेल अचानक म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता आणि तो हसतही होता. "सहा वर्षं मी दोनदा दोनदा टिक केलं! तीनदा! आणि ही बाई मांडीवर पुस्तक घेऊन, नेलपॉलिशनं... आणि हिचं चालतं! या अल्ला, उस्ता, मी काय तुमचं घोडं मारलं होतं?"

टपरीवाल्याला वाटलं काहीतरी भांडण झालं. त्यानं आम्हाला पैसे न घेताच दुसरा चहा दिला.

निघताना काकांनी बॉनेट उघडायला लावलं. त्यांना बॅलास्ट बघायचा होता. पांढऱ्या चिनीमातीवर माझी पट्टी होती, दोन आकडे.

"ही काढून टाक," ते म्हणाले. "ठिपके आहेत तेवढे पुरे."

"राहू द्या, काका. ठिपके चुकीचेच आहेत. आणि मला अजून मोजावं लागतं."

त्यांनी विचार केला आणि मान हलवली. बॉनेट त्यांनी स्वतः लावलं.

*

शुक्रवारी मी लग्नाला गेले नाही. अजून काळे कपडे उतरले नव्हते. पण जेरशहून येणारी वरात बयादरच्या रस्त्यानेच खोऱ्यात उतरते. दुपारी मी दुकानाचं शटर वर केलं आणि आत थांबले.

लांबून भोंगे ऐकू आले, अॅकॉर्डियन, खिडक्यांतून बाहेर वाकून ओरडणारी पोरं. रांगेच्या टोकाला, आमच्या गॅरेजांपाशी, सगळं एकदम थांबलं. भोंगे, गाणं, सगळं. वीस-पंचवीस गाड्या मुक्यानं दुकानासमोरून जाऊ लागल्या. त्यामुळे मर्सिडीजचं इंजिन मला वेगळं ऐकू आलं. एका सुरात होतं. नवरीनं पडद्याआडून माझ्याकडे पाहिलं असावं. ड्रायव्हरशेजारी नायेल बसला होता, नवा सूट, गळा आवळलेला. तो माझ्याकडे वळला नाही. फक्त खिडकीबाहेर दोन्ही हात काढून त्यानं दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवल्या.

वळणापलीकडे भोंगे पुन्हा सुरू झाले. मी ते अंगणापर्यंत जाताना ऐकले. मध्ये कुठेही थांबले नाहीत.

मग मी आत आले. तिसऱ्या डब्यातले अडतीसेक कुठे कुठे गेले ते शोधायचं होतं. खोऱ्यात अजून पुष्कळ जुन्या गाड्या आहेत, आणि आता लोक त्यांनाही एकेक करून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेत आहेत. नायेलकडे एक पंखवाली मर्सिडीज दुरुस्तीला आली होती, जेरशचा एक दूधवाला अजून प्यूजो चालवत होता. सुरुवात तिथून करता आली असती. उरलेले एकवीस मी मेजावर ओतले. पट्ट्या कापून कडेला चिकटवून ठेवल्या. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली, टिक, अर्धा, आणि पहिला उचलला.